अमावास्येचा बार

आधी मुंग्यांना वाटेला लावून मग बार काढणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. गावात त्यांना सगळे अण्णा म्हणत. मीही म्हणायचो. त्यांचं पाळण्यातलं नाव मला बरेच महिने ठाऊकच नव्हतं, आणि कळल्यावरही त्याचा काही उपयोग झाला नाही, कारण त्या नावानं हाक मारली तर त्यांनी वळूनही बघितलं नसतं.

लढाईचे दिवस होते. मी मूळचा वाईचा, पण शाळामास्तर म्हणून नेमणूक झाली सांगलीजवळ कृष्णाकाठच्या एका खेड्यात. पाटलांच्या माडीवर मला राहायला खोली मिळाली. पाटील म्हणजेच अण्णा. घर जैनांचं. पाणी गाळल्याशिवाय प्यायचं नाही, दिवस मावळला की घास तोंडात घालायचा नाही, कांदा-लसणाचं तर नावच नको. हळदीचा व्यापार असल्यामुळे अण्णांचं धोतर, पंचा, नखं, सगळं कायम पिवळं. आणि अशा या घरात, धान्याच्या कणगीशेजारच्या कोनाड्यात, तेल लावलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेलं एक रिव्हॉल्वर होतं.

मला ते पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी नको तितका दचकलो. अण्णांना गंमत वाटली.

"भिऊ नका मास्तर. म्हातारं हाय, पर वंगाळ न्हाई."

गावाची राखण पाटलाकडे, म्हणून संस्थानानं ते अण्णांच्या वडलांना दिलेलं. वडील गेल्यावर ते परवान्यासकट मुलाकडे आलं, आणि त्याच्याबरोबर एक रिवाजही आला. दर अमावास्येला, दिवस मावळायच्या जरा आधी, पाटलानं गावाबाहेरच्या दरडीपाशी जाऊन एक बार काढायचा. एकच. काळोखाच्या रात्री दरवडेखोर हिंडतात, त्यांना कळावं की या गावाला पाटील आहे आणि पाटलाकडे हत्यार आहे. हा बार गावाच्या अंगवळणी पडला होता. तो झाला की बायका पोरांना घरात बोलवायच्या, कंदील लागायचे, कडेच्या वस्तीवरची म्हातारी माणसं बिनघोर आडवी व्हायची.

आणि गावाला त्या बाराची पारख होती. एखाद्या गावाला गाण्याची असते, कुठल्या गावाला बैलांची. या गावाला बाराची. दुसऱ्या दिवशी पारावर चर्चा चालायची. "काल वाईच बसका निघाला." "वारं हुतं रं." "वारं न्हाई गड्या, बारूद सर्दाळली." अण्णा तिथून जाता जाता कान देऊन ऐकायचे आणि घरी येऊन विचारात पडायचे.

लढाईमुळे बाजारात काडतुसं मिळेनाशी झाली होती. अण्णा वापरलेल्या पितळी पुंगळ्याच पुन्हा भरायचे. ओसरीवर घोंगडं अंथरून बसायचे. सोनाराचा छोटा काटा, एक लाकडी दांडी, ठिणगी पाडणाऱ्या टोप्यांची डबी, बारूद. बारूद मिळायची तासगावकडच्या एका कारागिराकडून. जत्रेला नळे-चंद्रज्योती करणारा हा माणूस दर खेपेला वेगळाच माल द्यायचा, त्यामुळे अण्णांची चंगळ. प्रत्येक पुडीला ते नाव ठेवायचे. एक बारूद 'रुसकी' होती, एक 'तोंडाळ', आणि एकीला त्यांनी थोरल्या व्याह्यांचं नाव दिलं होतं, कारण ती धूर फार करायची आणि आवाज काही नाही.

"गोड आवाज कुठली देती, ते काढायचं हाय," असं ते म्हणायचे. मला हसू यायचं. बंदुकीचा आवाज गोड कसा असेल? पण अण्णांना त्या एका गोष्टीचं अपार कुतूहल होतं आणि ते दुसऱ्यालाही लागायचं. पहिल्या पावसाळ्यानंतर त्यांनी मला नावेत घालून नदीच्या पलीकडे पाठवलं. तिथं उभं राहून बार कसा ऐकू येतो ते मी सांगायचं. मी ऐकलं आणि परत येऊन सांगितलं, "चांगला होता."

"चांगला म्हंजे? गोल हुता का चपटा?"

"म्हणजे, ऐकू आला."

"ऐकू तर बहिऱ्यालाबी येतो. मागनं काय आलं? आवाज गेल्यावर शेपूट ऱ्हायलं का?"

मला शेपूट आठवेना. अण्णांनी पुढच्या अमावास्येला मला पुन्हा पाठवलं. वर्षभरात माझा कान असा तयार झाला की मुलं वर्गात पाटी टाकायची, तरी कुठल्या बाकावरची पडली ते मला कळायचं.

बाराच्या आधीचा सोहळा बघण्यासारखा असायचा. माणदेशातले मेंढके कळप घेऊन शिवारात उतरलेले असले की अण्णा दुपारीच निरोप धाडायचे, आज बार हाय, मेंढरं आवरा. मग दरडीपाशी गेल्यावर कमरेची मऊ केरसुणी काढून ते दरडीचं तोंड झाडायचे. हळूहळू, खालपासून वरपर्यंत. मुंगळा दिसला की फुंकर घालायचे. घोरपडीचं बीळ दिसलं की बार दुसरीकडे. एकदा एका गोगलगायीनं आम्हाला इतकं ताटकळवलं की अण्णांचं जेवण जवळजवळ हुकलं होतं.

"अण्णा, एवढा जीव जपता, मग हत्यार ठेवता कशाला?" मी एकदा विचारलं.

"गाव जपायचं हाय म्हणून."

"पण गोळी..."

ते नुसते हसले. उत्तर मला ओसरीवर मिळालं. पुंगळीत बारूद घातली की वर कागदाची गोल चकती दाबून बसवायची, अशी त्यांची पद्धत. त्या चकत्यांसाठी त्यांनी शाळेतल्या जुन्या उत्तरपत्रिका मागितल्या. मी आनंदानं दिल्या. चुकलेली गणितं अमावास्येला उडतात याचा मला विशेष आनंद होता. एक दिवस कात्रीनं चकत्या कापून देता देता माझ्या लक्षात आलं की चकती बसवली, दाबली, कडेला लाख लावली, आणि अण्णांनी काडतूस बाजूला ठेवलं. शिसं काही त्यात गेलंच नाही.

"अण्णा, गोळी राहिली."

त्यांनी आधी दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"ऱ्हायली न्हाई, मास्तर. ठेवलीच न्हाई कवा. बापाच्या वक्ताच्या गोळ्या डबीत हायत तशाच हायत."

"म्हणजे इतकी वर्षं..."

"आवाज पायजे का न्हाई गावाला? आवाज मिळतो. दरवडेखोराला भ्या पायजे, भ्याबी मिळतं. मग शिसं कशाला? मुंगीला मातुर जाळबी पुरं हुतो, म्हणून झाडतो. आन् हे कुठं बोलू नका. बाराला वजन हाय त्ये लोकांच्या मनात गोळी हाय म्हणून."

मी कुठंही बोललो नाही. खरं सांगतो, मला त्यांचा फार अभिमान वाटला. एक सबंध गाव आणि चहूकडचे चोर एका माणसानं रद्दी कागदावर झुलवत ठेवले होते, आणि कुणाचं नखसुद्धा दुखावलं नव्हतं.

पुढं तासगावच्या कारागिराचं काम बंद पडलं. त्याला लागणारा माल बाजारातून गायबच झाला होता. अण्णांनी शेवटची पुडी पुरवून पुरवून वापरली. शेवटी शेवटी बार इतका मऊ निघायचा की पारावरचे लोक अण्णांसमोर त्याबद्दल बोलणंच टाळू लागले. आजारी माणसाच्या घरी बोलतात तसं बोलायचे.

त्याच सुमाराला गावातला शिवा पलटणीतून रजेवर आला. लांबच्या आघाडीवर राहून आलेला, बोलण्यात हिंदी आणि इंग्रजीचा मसाला भरपूर. अण्णांची बारूद संपल्याचं त्याला कळलं तेव्हा त्यानं तंबाखूची एक डबी आणून दिली. ती त्यानं कुठून आणि कशी आणली हे मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

डबी उघडून अण्णांनी आत वाकून बघितलं. काळे दाणे नव्हते. करड्या रंगाचे, चकचकीत, बारीक पापुद्रे होते. त्यांनी ते चिमटीत घेतले, हुंगले, पुन्हा खाली सोडले.

"ही बारूद हाय?"

"व्हय आण्णा. नव्या तऱ्हेची. हिला धूर न्हाई."

अण्णांनी खापरीवर चिमूटभर ठेवून काडी लावली. पिवळी ज्योत झाली आणि विझली. आवाज नाही, धूर नाही. अण्णा खापरीच्या खाली वाकून बघायला लागले.

"धूर गेला कुठं?"

"गेला तर बरं झालं," आतून काकी म्हणाल्या. काकी म्हणजे अण्णांच्या पत्नी. अण्णा प्रत्येक पुडी ओसरीवरच जाळून बघायचे, त्या धुराचा त्रास भिंतींनंतर त्यांनाच जास्त झाला होता.

शिवानं मात्र बजावलं. "आण्णा, एक ध्यानात ठेवा. जुन्या मापानं ही घालू नका. लय तापट हाय. पिस्तूल फुटंल आन् हात जाईल."

अण्णांना हात प्यारा होता. त्यांनी अगदी जपून, नावापुरती बारूद घातली, वर चौथीच्या भूगोलाची चकती बसवली, आणि आम्ही तिघं दरडीपाशी गेलो. केरसुणी फिरली. घोडा पडला.

फुस्स.

नुसतं फुस्स. चुलीत ओलं लाकूड सुस्कारतं तसं. चकती दोन पावलांवर पडली आणि तिच्यामागोमाग जळलेच नाहीत असे पापुद्रे जमिनीवर सांडले. अण्णांनी ते बोटानं टिपून घेतले. पुन्हा भरलं. पुन्हा फुस्स. शिवा चक्रावला. त्यानं एक काडतूस हातात घेऊन पुढून निरखलं.

"आण्णा, गोळी कुठाय?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी सांगितलं. शिवा दरडीला टेकून इतका हसला की त्याला ठसका लागला.

"आवं, काळी बारूद मोकळीबी बोंबलती. हिचं तसं न्हाई. म्होरं काय तरी अडल्याबिगर हिला राग येत न्हाई. शिसं अडलं पायजे. न्हाई तर ही अशी निसती वारा सोडती."

अण्णा घरी आले. ओसरीवर बसल्यावर म्हणाले, "म्हंजे मारायची तयारी असल्याबिगर ही बोलतच न्हाई." त्यांच्या आवाजात संताप नव्हता, नवल होतं. अशीही एक वस्तू जगात असू शकते, याचं.

त्या अमावास्येला गावाला बार ऐकू आला नाही. कंदील उशिरा लागले. माणसं दारात उभी राहून एकमेकांना विचारत होती. आणि थोड्याच दिवसांनी नदीपलीकडच्या गावात दरवडा पडला. गुऱ्हाळावरच्या म्हाताऱ्या राखणदाराला बांधून मारलं होतं. त्याचा आमच्या बाराशी काही संबंध नव्हता, पण हे लोकांना कोण सांगणार?

मंडळी ओसरीवर जमली. कुणी रागावलं नाही, त्याचंच अण्णांना जास्त लागलं. कडेच्या वस्तीवरची एक म्हातारी काठी टेकत आली होती. तिचे दोन्ही मुलगे पलटणीत. "आण्णा," ती म्हणाली, "तुझा बार झाला की मी दाराला आडणा लावती. ह्या खेपंला आडणा लावला, पर डोळ्याला डोळा लागला न्हाई बाबा."

अण्णांनी तो महिना खटपटीत घालवला. शिशाऐवजी काय अडवता येईल? बूच लावून बघितलं, ते नुसतं उडालं. मग घरात जे मुबलक होतं ते, म्हणजे हळकुंड, तासून बसवलं. त्याचा 'फट्' असा जरा बरा आवाज आला, पण हवेत पिवळा ढग उठला आणि आम्ही दोघं हळदीला बसल्यासारखे होऊन घरी आलो. काकी हसल्या नाहीत. लाकडाचा खुंटा बसवावा असं मी सुचवलं.

"लाकूडबी मारतंच की, मास्तर. फसवायचं कुणाला?"

अमावास्येच्या आदल्या दिवशी मी खाली जेवायला आलो तेव्हा काकी अण्णांशी बोलत होत्या. मी उंबऱ्यातच थबकलो.

"आवं, मुंगीचं बघता ते बराबर हाय. पर त्या म्हातारीचं कोण बघणार? दरडीतच मारायची हाय न्हवं गोळी? माणसावर कोण धरायला सांगतंय?"

"एकदा शिसं घातलं म्हंजे घातलं गं."

"मग नका घालू. पर पाटील म्हणून मिरवूबी नका."

अण्णांनी पुढं काही खाल्लं नाही. बाईचं बोलणं खरं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वडलांच्या डबीतून एक गोळी काढली. ती पंच्यानं पुसली आणि पुंगळीच्या तोंडावर बसवली. दरड त्यांनी इतकी झाडली की मला वाटलं दिवस मावळेल. प्रत्येक भेगेत काडी घालून बघितली. गवताचं एक-एक बूड हलवून बघितलं. मग मला मागं उभं केलं, हात लांब धरला आणि घोडा ओढला.

तसा बार मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. कोरडा, धारदार, एका झटक्यात आलेला. दरडीतून मातीचा झोत उठला. आवाज नदीवरून पलीकडे गेला आणि तिकडच्या काठाला लागून परत आला. गावातून एकदम आरोळी उठली, माणसं आनंदानं ओरडत होती. मी अण्णांकडे बघितलं. त्यांचा चेहरा फुललेला होता. डोळे चमकत होते, मान वर, छाती पुढं. इतक्या दिवसांत मी त्यांना इतकं देखणं पाहिलं नव्हतं.

मग तो चेहरा आपोआप उतरला. रिव्हॉल्वर माझ्या हातात देऊन ते दरडीकडे धावले आणि हातांनी माती उकरू लागले. मीही उकरू लागलो. दिवस मावळला तरी ते थांबले नाहीत. शेवटी कोपरभर आत चेपटलेलं शिसं लागलं. आजूबाजूची माती त्यांनी ओंजळीत घेऊन, बोटांनी विरघळवून तपासली. किडा नाही, मुंगी नाही, काही नाही.

घरी काकी वाट बघत होत्या. "काय मेलं न्हाई न्हवं?"

"न्हाई."

"मग झालं की. गाव खूश हाय. आता जेवण हुकलं तेवढं हुकलं."

अण्णा खांबाला टेकून बसले. बराच वेळ त्यांनी नखातली माती काढली. मग काकींना नाही, मला नाही, असं कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाले, "मेलं कायबी न्हाई. पर बार निघाला तवा मला लय बरं वाटलं. इतकं बरं मला आजपातुर कशानंच वाटलं न्हवतं. देवदर्शनानं न्हाई, पोरांच्या लग्नात न्हाई. अजून एक मारावा वाटला. दरडीत काय हाय, मुंगी हाय का माणूस हाय, त्या घटकेला माझ्या मनात कायबी नव्हतं."

काकी उठल्या आणि झाकून ठेवलेलं ताट आत घेऊन गेल्या. एवढ्या सरळ माणसाला स्वतःबद्दल असं काही कळावं, आणि तेही पन्नाशी ओलांडल्यावर, याचं मला फार वाईट वाटलं.

सकाळी त्यांनी पारावर माणसं जमवली आणि सगळं सांगून टाकलं. वर्षानुवर्षं गोळी नव्हती, काल होती, आणि आता पिस्तूलच नको आहे. थोडा गोंधळ झाला. "म्हंजे आमास्नी फसवलंत?" असं एक जण म्हणाला. शिवा रजा संपवून निघायच्या तयारीत होता, तो म्हणाला, "फसवलं आसंल, पर गाव लुटलं गेलं का?" अखेर ठरलं की अमावास्येच्या आठवड्यात तरण्या माणसांनी काठ्या घेऊन पाळीपाळीनं गस्त घालायची. पहिली पाळी अण्णांनी मागून घेतली. म्हातारीच्या दारावरून जाताना हाक द्यायची, असंही त्यांनी आपणहून कबूल केलं. पाटीलकीचा मान गेला तर जाऊ दे, म्हणाले.

रिव्हॉल्वर परत करायला आम्ही दोघं सांगलीला गेलो. कचेरीतल्या कारकुनाशी मी बोलावं, असं वाटेत ठरलं होतं. मी 'वयोमानामुळे' असा चांगला शब्दही मनात तयार ठेवला होता. कारकुनानं फडकं सोडलं, रिव्हॉल्वर उलटंपालटं करून बघितलं, रिकामा घोडा ओढून बघितला.

"चांगलं आहे की हो," तो म्हणाला. "काय बिघडलंय याचं?"

मी तोंड उघडलं, पण अण्णांनी माझ्या दंडावर हात ठेवला.

"त्याचं काय बिघडलं न्हाई, सायेब," ते म्हणाले. "मी बिघडाय लागलो हुतो."